आपा तोंडवळकरांचे सांजचे कपडे

तुळशीपुढे दिवा लागला की आमच्या आचऱ्याच्या वाडीतले यच्चयावत पुरुष अंगातले कपडे काढायचे आणि आपा तोंडवळकर घालायचे.

कोकणातला उकाडा ज्याने सोसला आहे त्याला पहिल्या गोष्टीचे नवल वाटणार नाही. दिवसभर अंगाला चिकटलेला सदरा खुंटीवर गेला, कमरेला पंचा आला आणि पाठ पडवीच्या खांबाला टेकली की माणूस माणसात येतो. नेमक्या त्याच वेळी आपा दुसऱ्यांदा आंघोळ करत. मग साईच्या रंगाचा रेशमी पायजमा, त्याच कापडाचा गळ्याला निळा गोट लावलेला सदरा, त्यावर गुडघ्याखाली येणारा डाळिंबी रंगाचा डगला, डगल्याला रेशमी दोरीचा कमरपट्टा आणि पायात मखमली सपाता, अशा थाटात ते पडवीत येत आणि आरामखुर्चीत बसत. बसून काही करत नसत. रस्त्याकडे बघत. जेवायची हाक आली की आत जाऊन सगळे उतरवत, घडी घालून ठेवत आणि पंचा नेसून पाटावर बसत, कारण बांगड्याच्या कालवणाशी त्या कपड्यांचे जमत नसे. म्हणजे एवढा सगळा सरंजाम दिवेलागण ते जेवण, या दीड-दोन तासांपुरता.

मी तेव्हा तिथल्या प्राथमिक शाळेत नव्याने मास्तर म्हणून आलो होतो. मी मूळचा कसालच्या आतल्या अंगाचा, भातशेतीतला माणूस. समुद्राची आणि माझी फारशी ओळख नव्हती. आपांच्या घराचा अर्धा भाग भाड्याने मिळेल असे कळले म्हणून दुपारी गेलो, तर एक लंगोटी लावलेला, वाळलेला गृहस्थ गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, उभा होता. "आपा सांजेक भेटतले," एवढेच तो म्हणाला. संध्याकाळी गेलो तर तोच चेहरा रेशमात बसलेला. दोन दिवस मी ते भाऊ भाऊ आहेत असे समजून चाललो होतो. माझ्या बायकोने, नलूने, दोघांचा डावा कान सारखाच फाटलेला आहे हे दाखवून दिले तेव्हा कुठे उलगडा झाला.

आपा अठ्ठावीस वर्षे बोटीवर होते. खलाशी नव्हेत, शिंपी. विलायतेपासून जपानपर्यंत जाणाऱ्या मोठ्या बोटींवर उतारूंचे कपडे शिवायचे, सैल-घट्ट करायचे, तुटलेली बटणे लावायची आणि इस्त्री करून केबिनीत पोचवायचे, असे काम. दोन-तीन वर्षांतून एकदा महिना-दोन महिन्यांसाठी घरी यायचे. आता कायमचे घरी आले होते. आईवडील वारलेले, मूलबाळ नाही. घरात ते आणि जानकीकाकी, त्यांच्या पत्नी.

बिऱ्हाड मांडल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी पंचा नेसून त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितले.

"मास्तर, ह्यां काय नेसलास?"

"पंचा."

"पंचो आंग पुसूक. बसूक न्हय." मग म्हणाले, "दीस लोकांचो, सांज घरची."

हे त्यांचे ब्रीदवाक्य होते. दिवसभर आपण चांगले कपडे घालतो ते कोणासाठी, तर ज्यांच्याशी आपले काही देणेघेणे नाही अशा लोकांसाठी. मामलेदारासाठी कोट, बाजारासाठी टोपी, लग्नात परक्यांसाठी जरीचे उपरणे. आणि ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा त्याच्यासमोर घरी आल्यावर काय, तर फाटका गंजिफ्रॉक. हे उलटे आहे, असे आपांचे म्हणणे. ते त्यांना एका म्हाताऱ्या साहेबाने शिकवले होते. तो साहेब आणि त्याची मडम वादळात आजारी पडली आणि चार दिवस केबिनीतच जेवत होती. तरी रोज संध्याकाळी साहेबाचा सूट इस्त्रीला यायचा.

"मी इचारलंय," आपा सांगत, "सायब, आज तुमी केबिनीतच जेवतलास, मगे सूट कित्याक? बघूक कोण आसा? तर म्हातारो काय म्हणालो? 'ती आसा ना.'"

साहेब हे मालवणीत म्हणाला नसावा, पण आपांच्या तोंडून ते मालवणीतच खरे वाटायचे.

वाडीने आपांचे कौतुक केले असे म्हणता येणार नाही. टिंगलही फार केली नाही. बोटीवरून आलेला माणूस काहीतरी घेऊन येतोच; कोणी पोपट आणतो, कोणी खोकला आणतो, यांनी हे आणले, अशा हिशेबाने लोकांनी ते सोडून दिले. परक्यांची मात्र पंचाईत व्हायची. एकदा काजूचा एक दलाल संध्याकाळच्या एस. टी. ने उतरला आणि रस्ता विचारायला घरापुढच्या खळ्यात आला. आपांचा डगला, सपाता आणि शांतपणे बसणे बघून त्याने आवाज एकदम खाली आणला. "केव्हापासून आहात इथे?" असे त्याने विचारले. "दोन वर्सां झाली," आपा म्हणाले. दलालाने हळहळून मान हलवली आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारले, "एकूण खाटा किती आहेत हो?" तसले कपडे त्याने फक्त मुंबईला इस्पितळातच बघितले होते.

आता गंमत अशी की आपांच्या तत्त्वाला दोन माणसे लागत, आणि पडवीत बसलेला असे तो एकच. जानकीकाकी त्या वेळी मागच्या दारी आडाळा, म्हणजे विळी, मांडून मासे कापत असायच्या. अंगात धुऊन धुऊन रंग गेलेले जुनेर, त्यावर भलत्याच रंगाचे पोलके, पदर कमरेला खोचलेला. ठेंगण्या, रुंद, आणि आवाज असा की पलीकडच्या वाडीतली म्हैस मान वळवायची. आपा कधी तरी हळूच हाक मारत, "गो, भायर येतंस?"

"शिरा पडली तुमच्या सुटार!" आतून उत्तर यायचे. "मी भायर बसलंय तर चूल कोण पेटवतलो? तुमचो सायब?"

आपा चिडत नसत. "बोटीर असां नसतां," एवढेच मला सांगत आणि पुन्हा रस्त्याकडे बघत.

त्यांच्या तत्त्वाची झळ लागली ती माझ्या घराला. नलूने एके दिवशी माझा गंजिफ्रॉक चुलीवरची भांडी उतरवायचे फडके म्हणून वापरायला घेतला. "पलीकडे बघा जरा," एवढेच म्हणाली. मी आपांना एक पायजमा-सदरा शिवून द्यायला सांगितले. मी पट्टीने माप घेतील म्हणून सरळ उभा राहिलो, तर ते मला म्हणाले, "बसा, बसा. कंबर तीस, लांबी एकोणचाळीस. पोट येताहा, तेवा एकतीस धरूया." बोटीवरही ते पट्टी वापरत नसत; एक नजर टाकली की माप झाले. कपडे अंगाला असे बसले की मला माझ्याच पोटाची पहिल्यांदा नीट कल्पना आली.

त्या संध्याकाळी मी नवे कपडे घातले. नलूने इस्त्रीचे लुगडे नेसले, आबोलीचा वळेसर माळला. आम्ही आमच्या अर्ध्या पडवीत समोरासमोर बसलो. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि काय बोलावे ते दोघांनाही सुचेना. मी शाळेच्या तपासणीबद्दल थोडे सांगितले. तिने, "अस्सं," म्हटले. पुष्कळ वेळाने तिने विचारले, "भात करपल्याचा वास येतोय का?" येत नव्हता. पण आम्ही दोघेही तातडीने आत गेलो. पुढे सवयीने जमू लागले, ही गोष्ट निराळी.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर काकींनी माडीवरचे सामान उन्हात घालायला काढले आणि मदतीला नलूला बोलावले. त्यात एक मोठी पत्र्याची ट्रंक होती. नलूने झाकण उघडले आणि ती तिथेच बसली. आत पातळ कागदात गुंडाळलेले नऊ गाऊन होते. बायकी, पायघोळ, एकेकाचे कापड हाताला पाण्यासारखे लागणारे. एकावर बारीक पांढरी फुले, एकाच्या बाहीला हाताने विणलेली झालर. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: कोलंबो, सिंगापूर, कोबे. दर सफरीला आपांनी एक शिवला होता आणि घरी येताना आणला होता. संध्याकाळी बायकोने घालावा म्हणून.

"काकी, तुम्ही हे कधी घातले नाहीत?"

काकींनी आधी दाराकडे बघितले. आपा विहिरीवर माडांना पाणी लावत होते. मग एक गाऊन उचलून त्यांनी तो स्वतःच्या अंगापुढे धरला. तो त्यांच्या अर्ध्या अंगालाही पुरत नव्हता.

"पयलो इलो तेवा हात कोपरापर्यंत गेलो आणि थंयच अडकलो," त्या म्हणाल्या. "लग्नातली चोळी ह्यांनीच शिवली होती. माज्या आवशीन जुनी चोळी दिल्यान मापाक. तेवा मी सोळा वर्सांची, काडी होतंय काडी. ताच माप ह्यांच्या डोक्यात बसला. नवय गावन त्याच मापाचे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू गो? माका लाज वाटता म्हणान सांगलंय, झाला." काकींनी गाऊनची घडी घातली. त्यांच्या हाताला घडी घालायची चांगली सवय असावी, कागदाची सुरकुतीसुद्धा मोडली नाही. "सगळो गाव माका जाडी म्हणता, म्हातारी म्हणता. एका माणसाच्या तरी डोळ्यात मी बारीक आसंय. ता कित्याक घालवू?"

त्यांनी नलूला देवाची शपथ घातली की हे कोणाला सांगायचे नाही. नलूने त्याच संध्याकाळी मला शपथ घालून सांगितले.

आता मी एवढ्यावर थांबलो असतो. पण ट्रंक उन्हात घातलेली आपांनी बघितली होती, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी मला पडवीत बोलावून घेतले. डगल्याच्या दोरीशी चाळा करत ते म्हणाले, "ट्रंक दशावतारवाल्यांका देऊन टाकतंय. थंय राणीच्या पार्टाक उपयोगी पडात."

"अहो, पण काकी..."

"तिचो राग आसा, मास्तर. आसतलोच." ते अजिबात रागावलेले नव्हते, हवापाण्याबद्दल बोलावे तसे बोलत होते. "माज्या बापाशीचां दुखणां तिनाच काढल्यान. आवस गेली तेवा पाणी तिनाच घातल्यान. भात लावूक ती, कापूक ती, घर शाकारूक ती. आणि मी काय धाडलंय? गावन. घालात कशी ती? मीय घातलंय नसतंय." मग मला म्हणाले, "ह्यां तिका सांगा नको हां. शपथ आसा तुमका."

शाळेत मी रोज पन्नास पोरांची भांडणे मिटवत होतो. पण दोन्ही बाजू एकमेकांवर माया करतात म्हणून भांडण झाले आहे आणि दोघांच्याही शपथा मास्तराच्याच गळ्यात आल्या आहेत, असा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. मी नलूला सांगितले. नलू म्हणाली, "तुम्ही बोला." मी म्हटले, "तू बोल." असे चार दिवस गेले, आणि पाचव्या दिवशी उन्हे कलल्यावर बैलगाडी घेऊन दशावतारी मंडळीचे मालकच आले.

हे मालक स्वतः राक्षसाची कामे करत. हळू बोलले तरी खळ्यातल्या कोंबड्या उडायच्या. "आपानूं, ट्रंक खंय आसा?" असे त्यांनी विचारले ते अख्ख्या वाडीने ऐकले. आपांनी आणि मी ट्रंक दोन कड्यांना धरून बाहेर आणली. गाडीत चढवणार एवढ्यात काकी आल्या. हात मिठाने पांढरे होते.

"ट्रंक खंय चल्ली?"

"दशावतारात," आपा म्हणाले.

"कोणाक इचारलास?"

"तू घालनंस नाय. पेटीत कुजान काय उपेग?"

काकींनी मालकांकडे बघितले, माझ्याकडे बघितले. मी माडाकडे बघितले. मग त्या ट्रंकेवर बसल्या. सरळ बसल्याच. मालकांनी आपली कडी सोडून दिली, कारण राक्षसालासुद्धा तेवढे वजन उचलवले नसते.

"ते माका होनत नाय," काकी म्हणाल्या.

"काय?"

"होनत नाय! माका! माज्या आंगाक! कितक्यांदा सांगू?" खरे म्हणजे त्या पहिल्यांदाच सांगत होत्या. "पयलो होऊक नाय, दुसरो होऊक नाय, नववो तर बघूकच नको!"

आपा उभेच राहिले. त्यांनी विचारले, "मगे सांगूक कित्याक नाय?"

"तुमी इचारूक कित्याक नाय?"

"मी नजरेन माप घेतंय."

"माका बघान खंय घेतलास? त्या लग्नातल्या पोरीक बघान घेतलास. ती पोर हंय नाय, कधीच गेली ती. मी आसंय." पुढे त्या म्हणाल्या, "गावन-बिवन माका नको. पोलकी शिवा. त्याच कापडाची. पण माजी."

मधेच सांगतो, ती पोलकी पुढे झाली. कोबेच्या रेशमाचे झाले, सिंगापूरच्या फुलांचे झाले. एका गाऊनचे एक पोलके, आणि ते संध्याकाळी अंगात असले की काकी मागच्या दारी मासे कापायला बसत नसत. मालकांना ट्रंक मिळाली नाही. पण हे नंतरचे.

त्या वेळी आपा आत गेले आणि मोजपट्टी घेऊन आले. घरात मोजपट्टी आहे हे मला तेव्हा कळले. पिवळी, कडेला विरलेली. ती त्यांनी हातात नुसती धरली. गावभरच्या लोकांची मापे लांबून सांगणारा हा माणूस बायकोसमोर पट्टी घेऊन उभा राहिला आणि सुरुवात कुठून करावी ते त्याला कळेना.

"उबी रव," शेवटी ते म्हणाले.

काकी ट्रंकेवरून उठल्या. खांद्याचे माप झाले. पाठीचे झाले. आपा आकडा तोंडाने म्हणत आणि पुन्हा एकदा पट्टी लावून खात्री करत. "आता हाताचां माप," असे म्हणून त्यांनी काकींच्या पोलक्याची बाही वर सारली, आणि पट्टी दंडाला लावता लावता थांबले. दंडावर वीतभर लांब, पांढरा पडलेला वण होता.

"ह्यो खंयचो?"

"विळ्याचो. भात कापताना लागलो."

"कधी?"

"किती वर्सां झाली. तुमी कोलंबोक होतास, नायतर थंय फुडे खंय तरी."

आपांनी डोळे त्या वणाजवळ नेले. तो बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपला, कापडाची शिवण तपासावी तसा.

"टाके कोणी घातल्यान?"

"होतो एक कंपाउंडर."

"वाकडे घातल्यान," आपा म्हणाले. "मधे एक सुटलोहा. असो सोडतत?"

"तुमी नव्हतास," काकी म्हणाल्या.

त्यांनी हे रागाने म्हटले नाही. आज बाजारात मीठ नव्हते, तसे म्हटले. पट्टी आपांच्या हातातून सुटून मातीत पडली होती, ती कोणी उचलली नाही. त्यांचे बोट अजून त्या सुटलेल्या टाक्यावर होते.

मालकांनी माझा हात धरला. "मास्तर," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू निघाला असावा, "बैलांका पाणी दाखवया."

आम्ही बैल सोडून विहिरीवर नेले. बैलांना तहान नव्हती. तरी आम्ही चौघे तिथे बराच वेळ उभे होतो.